मोत माउलीच्या चढणीवर

रात्रभर पाऊस पडून गेला होता. बांद्र्याच्या माउंट मेरी टेकडीच्या चढणीवरचे दुकानदार प्लास्टिकच्या छपरात साचलेले पाणी काठीने ढोसून खाली सांडत होते. छपराखाली फळ्यांवर मेणाच्या वस्तू मांडलेल्या होत्या: हात, पाय, डोळ्यांची जोडी, हृदय, रांगते बाळ, कौलारू घर, मोटार, जहाज, विमान. माझ्या पुढे एक कोळीण उभी होती. वय साठीच्या पुढचे, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. तिने मेणाची एक होडी उचलली, बोटाने तिचे टोक चाचपले. तिथे मेण उडालेले दिसले तशी तिने ती परत ठेवली आणि दुसरी मागितली.

"मावशी, शेवटी वितळायचीच आहे ती," दुकानदार म्हणाला.

"म्हणून काय झालं? माउलीच्या पायाशी जायचीय. मोडकी कशी देऊ?"

ती होडी पदराखाली धरून चढण चढू लागली आणि मीही तिच्या मागोमाग निघालो. त्या सकाळपासून मला या जत्रेचा नाद लागला. देवस्थान कॅथलिक पंथाचे, इमारत युरोपी धाटणीची, प्रार्थना बायबलमधल्या. पण ती बाई जे बोलली ते जेजुरीच्या पायरीवर किंवा तुळजापूरच्या गल्लीत जसेच्या तसे शोभले असते. कॅथलिक यात्रेला पाहुणा म्हणून जाणाऱ्या मराठी माणसाला यातले अर्धे आधीच ठाऊक असते. उरलेले अर्धे समजून घ्यावे लागते, आणि ते न समजता गेले तर नकळत कुणाच्या तरी श्रद्धेवर पाय पडतो. या लेखात दोन्हींबद्दल सांगायचे आहे.

आधी नाव. इंग्रजीत 'माउंट मेरी', पण कोळीवाड्यात आणि जुन्या गावठाणांत तिला म्हणतात 'मोत माउली'. पोर्तुगीज भाषेत 'मोंते' म्हणजे डोंगर. डोंगरावरची माता ती मोंतेची माता, आणि कोळ्यांच्या तोंडी त्या मोंतेचा झाला मोत. मोत म्हणजे मोती, माउली मोत्यासारखी, असाही अर्थ लोक लावतात आणि समुद्रावर पोट असलेल्यांना तो जवळचा वाटला तर नवल नाही. पण माझे मन रेंगाळते ते दुसऱ्या शब्दावर. 'माउली' हा शब्द वारकऱ्यांनी ज्ञानेश्वरांना दिला. नाझरेथच्या मारियेला हाक मारताना इथल्या माणसांनी तोच उचलला. बाहेरून आलेल्या देवतेला घरचे करायचे तर तिला आई म्हणावे लागते, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. कार्ल्याच्या डोंगरावरची एकवीरा आगरी-कोळ्यांची आईच आहे. डोंगर चढून आईला भेटायची सवय या समाजाच्या पायांना फार जुनी आहे.

जत्रेची तारीख ख्रिस्ती पंचांगातून येते. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस मानतात. संतांचे सण साधारणपणे त्यांच्या मृत्यूच्या दिवशी पाळायचे, कारण तो त्यांचा स्वर्गातला जन्म, अशी चर्चची रीत आहे. पृथ्वीवरचा जन्मदिवस साजरा होतो तो तिघांचाच: येशूचा २५ डिसेंबरला, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा २४ जूनला आणि मारियेचा ८ सप्टेंबरला. ८ डिसेंबरच्या सणाची तारीख हिच्यावरूनच मागे मोजलेली आहे. मारिया आईच्या पोटी राहिली तीच निष्कलंक, त्या श्रद्धेचा तो सण. तिथून बरोबर नऊ महिन्यांनी तिचा जन्म. ८ सप्टेंबरला रविवार असेल तर त्या दिवशी, नाहीतर त्यानंतरच्या पहिल्या रविवारी बांद्र्याची जत्रा भरते आणि पुढचा आठवडाभर चालते.

सणाच्या आधी नऊ दिवस 'नोव्हेना' चालते. लॅटिनमध्ये 'नोव्हेम' म्हणजे नऊ. येशूच्या स्वर्गारोहणानंतर त्याचे शिष्य आणि मारिया नऊ दिवस एकत्र प्रार्थना करत बसले होते, त्याची ही आठवण. आपल्याला लगेच नवरात्र आठवते. दोन्हींची मुळे वेगवेगळी आहेत, उगाच एकात एक गुंतवू नयेत. पण नऊ दिवस मन एका जागी बांधून ठेवायचे आणि मग सणाला सामोरे जायचे, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच आहे.

जत्रा अनेकदा गणपतीच्या दिवसांत येते. २०२४ साली ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती आणि ८ तारखेला रविवारी जत्रा सुरू झाली. १० तारखेला घरोघरी गौरी आल्या. त्या आठवड्यात मुंबईत एका बाजूला माहेरवाशिणीसाठी घावन-घाटले शिजत होते आणि दुसऱ्या बाजूला लोक मेणबत्त्या घेऊन टेकडी चढत होते. यातली काही घरे दोन्हीकडची होती.

आता इतिहास. मला यातली माहीमची खाडी सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून ती नजरेसमोर ठेवूनच सांगतो. १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्याबरोबर पाद्री आले. त्या काळातल्या धर्मांतरांचा इतिहास सगळा गोड नाही आणि तसा तो सांगूही नये. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्याचे चर्च केले गेले, त्याच्या खुणा आजही दिसतात. बांद्रा जेझुइट पाद्र्यांकडे होते. त्यांनी मारियेची मूर्ती आणली आणि टेकडीवर छोटे देऊळ उभारले. पायथ्याशी, खाडी जिथे समुद्राला मिळते त्या टोकावर, पोर्तुगीजांनी १६४० साली किल्ला बांधला. 'अग्वाद' म्हणजे पाणी भरण्याची जागा. गोड्या पाण्याच्या झऱ्यावर जहाजे पाणी भरत, म्हणून किल्ल्याला ते नाव पडले. १७०० च्या सुमाराला अरबी चाच्यांनी मूर्तीच्या हातातली सोनेरी वस्तू खऱ्या सोन्याची समजून मूर्तीचा उजवा हात तोडून नेला, असे सांगतात.

पुढचा भाग आपल्याला शाळेत शिकवलेला असतो, पण दुसऱ्या बाजूने. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर मोहीम काढली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईच्या मुलखातल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. 'नारोशंकराची घंटा' आपण बोलण्यात सहज वापरतो. नाशिकला गोदेकाठी टांगलेल्या त्या घंटेवर १७२१ हे साल आहे आणि ती मूळची पोर्तुगीज आहे. त्याच युद्धाच्या धामधुमीत टेकडीवरचे देऊळ पडले. माउलीला खाडीपलीकडे माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नेले, कारण खाडीच्या दक्षिणेला इंग्रजांची मुंबई होती आणि युद्ध तिथवर पोहोचत नव्हते. सुमारे वीस वर्षे ती तिथे राहिली. टेकडीवर नवे देऊळ झाल्यावर १७६१ मध्ये ती परत आली.

हाच काळ लोकांच्या तोंडी वेगळ्या रूपात येतो. एका कोळ्याला स्वप्न पडले की समुद्रात तुला मूर्ती सापडेल. तो होडी घेऊन गेला, तर माउली लाटांवर तरंगत होती. इतिहासकार कागदपत्रे चाळून माहीमचा मुक्काम दाखवतील आणि ते बरोबरच आहे. तरीही मला ही आख्यायिका खोटी म्हणून बाजूला सारवत नाही. आपल्याकडे किती स्वयंभू मूर्ती स्वप्नात येऊन आपली जागा सांगतात ते आठवून पाहा. मूर्ती पाद्र्यांनी जहाजातून आणली असे म्हटले तर ती पाद्र्यांची राहते. ती कोळ्याच्या जाळ्याकडे आपण होऊन आली असे म्हटले की ती कोळ्यांची होते. या गोष्टीतून एक समाज देवावरचा आपला हक्क सांगतो.

ही खाडी पुढेही बराच काळ भाविकांच्या वाटेत आडवी होती. मुंबईहून बांद्र्याला यायचे तर तरीतून यावे लागे आणि पावसाळ्यात खवळलेल्या पाण्यात तऱ्या उलटत. सरकार पुलाच्या खर्चाला तयार नव्हते. शेवटी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, आणि १८४५ मध्ये माहीम कॉजवे वाहतुकीला खुला झाला. आज बांद्र्याकडे जाताना आपण ज्या लेडी जमशेटजी रोडवरून जातो, तो त्याच आवाबाईंच्या नावाचा. टेकडीवरची सध्याची इमारत १९०४ मधली आहे. तिचे वास्तुविशारद शापूरजी चंदाभॉय हेही पारशी. खर्च आला सुमारे एक लाख रुपये. १९५४ मध्ये पोपने तिला बॅसिलिकाचा मान दिला. पोर्तुगीजांनी आणलेली मूर्ती, तिची आख्यायिका कोळ्यांची, तिच्याकडे जाणारा रस्ता पारशी बाईच्या दानाचा आणि देऊळ पारशी माणसाच्या आराखड्याचे. मुंबईत असेच घडत आले आहे, आणि या शहराचे मला सर्वांत जास्त कौतुक वाटते ते याचेच.

आता मेणाकडे परत येऊ. यात्रेचा खरा गाभा तिथे आहे.

शरीराच्या ज्या भागाला पीडा आहे त्याची प्रतिकृती देवाला वाहायची ही रीत जगात फार जुनी आहे. पोर्तुगालमधल्या फातिमा या प्रसिद्ध कॅथलिक तीर्थातही मेणाचे हातपाय विकत मिळतात आणि भाविक ते आगीत सोडतात. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, मूल झाले की पाळणा बांधतात. त्यामुळे मेणाचा पाय पाहून कशाचा नवस आहे हे मराठी माणसाला विचारावे लागत नाही. फरक आहे तो पदार्थात. चांदी देवळात साठते, मेण वितळते. वाहिलेली वस्तू ज्योतीबरोबर जावी, मागे काही उरू नये, अशी ही कल्पना आहे. जमा झालेले मेण वितळवून त्याच्या पुन्हा मेणबत्त्या आणि वस्तू होतात, आणि एकाचा फिटलेला नवस दुसऱ्याच्या हातात नव्या मागण्याचे रूप घेऊन येतो.

दुकानातल्या फळ्या नीट पाहत बसलो तर शहराची सगळी चिंता तिथे मांडलेली दिसते. हातपाय आहेतच. बाळ सगळ्यांत जास्त खपते. त्याखालोखाल घर, मुंबईत डोक्यावर छप्पर मिळणे किती अवघड आहे ते तिथे कळते. मग मोटार, परदेशी नोकरीसाठी विमान, दर्यावर्दींसाठी जहाज, शिकणाऱ्यांसाठी पुस्तक, लग्न जुळावे म्हणून नवरा-नवरीची जोडी. एका दुकानात एक तरुण जोडपे घर निवडत होते. बायकोने दुमजली घर उचलले, नवऱ्याने ते हलकेच तिच्या हातातून घेऊन एकमजली दिले आणि म्हणाला, "झेपेल तेवढंच मागू." तिने मान हलवली. ते दोघे ज्या गंभीरपणाने ते दोन इंचांचे घर घेऊन गेले, ते मी विसरलेलो नाही.

चर्चसमोर रस्त्याच्या पलीकडे पायऱ्या चढून जाण्याचे एक उघडे स्थान आहे. मेणबत्त्या तिथे लावतात. गर्दीच्या दिवशी ज्योती इतक्या असतात की जवळ गेले तर चेहरा भाजतो. मेणबत्ती लावायची, दोन क्षण थांबायचे आणि मागच्याला जागा द्यायची. हार, फुले घेऊन येणारेही बरेच असतात. हे सगळे कुणीही करू शकते. धर्म विचारला जात नाही आणि दक्षिणा मागायला कुणी पुढे येत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कॅथलिक शिकवणीप्रमाणे मारिया ही देव नव्हे. आराधना फक्त देवाची. मारियेला मान द्यायचा आणि तिला विनवायचे, की तू आमच्यासाठी तुझ्या पुत्राकडे शब्द टाक. बायबलमध्ये काना गावच्या लग्नाची गोष्ट आहे. मंडपात द्राक्षारस संपतो, यजमानाची लाज जायची वेळ येते. ते आधी मारियेच्या ध्यानात येते आणि ती येशूला सांगते, "त्यांच्यापाशी द्राक्षारस राहिला नाही." एवढेच. पुढचा चमत्कार पुत्र करतो. आमच्या लहानपणी घरात वडिलांकडून काही हवे असले की आईकरवी सांगायचे असे, ज्यांच्या घरी ही रीत होती त्यांना मारियेची जागा लगेच कळेल. चढणीवरची कोळीण हा भेद शब्दांत मांडणार नाही, ती माउलीलाच सगळे सांगून मोकळी होईल. चर्चचे धर्मशास्त्र आणि लोकांची भक्ती या दोन गोष्टी इथे एकमेकींना सांभाळून चालतात. आपल्या देवळांतही शास्त्र आणि रूढी अशाच एका छपराखाली राहतात.

पण पाहुण्याने जिथे थांबायचे असा एक उंबरठा आहे, आणि तो चर्चच्या आत आहे.

जत्रेच्या दिवसांत सकाळपासून एकामागून एक मिस्सा होतात. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी ती जगभर लॅटिनमध्ये होई, तेव्हापासून लोकांच्या भाषेत होऊ लागली. म्हणून इथे इंग्रजी, कोकणी, हिंदी, तामिळ अशा भाषांत मिस्सा असतात आणि मराठीतही असते. मी मुद्दाम मराठी मिस्सा निवडली, आणि वाचकांनीही तीच निवडावी. मराठीत ख्रिस्ती शब्दांची घडण चारशे वर्षांची आहे. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. या परंपरेचा कान ठेवून बसले तर ती मराठी परकी वाटत नाही.

मिस्सेत लोक उभे राहतात, बसतात, गुडघे टेकतात. पाहुण्याने उभे राहावे, बसावे. गुडघे टेकलेच पाहिजेत असे नाही, मागच्या बाकावर शांत बसून राहिले तरी चालते. मिस्सेच्या उत्तरार्धात फादर एकमेकांना शांती देण्यास सांगतात. युरोपात लोक त्या वेळी हात मिळवतात. भारतात आजूबाजूला वळून हात जोडतात. १९६९ साली रोमने भारतीय चर्चला भारतीय पद्धतीच्या बारा गोष्टींची मुभा दिली, त्यांत हा नमस्कारही होता. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी माझ्याकडे वळून हात जोडले, मीही जोडले. पाहुण्याने उपासनेत मनापासून भाग घ्यावा असा क्षण हाच.

त्यानंतर थोड्या वेळाने लोक रांगेने वेदीकडे जातात आणि फादर प्रत्येकाला एक पातळ, गोल, पांढरी भाकर देतात. हिला ख्रिस्तप्रसाद किंवा कम्युनियन म्हणतात. 'प्रसाद' हा शब्द ऐकून अनेक जण चांगल्या भावनेने रांगेत शिरतात. कृपा करून शिरू नका. आपल्या देवळात प्रसाद नाकारणे हा अपमान, तो सर्वांना द्यायचा असतो. इथे तसे नाही. कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार फादरांच्या प्रार्थनेनंतर ती भाकर भाकर राहत नाही, ती ख्रिस्ताचे शरीर होते. ती घेणाऱ्याचा बाप्तिस्मा झालेला असतो, लहानपणी तयारी करून त्याने पहिले कम्युनियन घेतलेले असते, आणि घेण्याआधी किमान एक तास तो पाण्याशिवाय काही खात-पीत नाही. ती घेऊन खिशात टाकणे किंवा घरी नेणे यासारखी दुखावणारी गोष्ट त्यांच्यासाठी दुसरी नाही. रांग पुढे सरकत असताना आपण बाकावर बसून राहावे. कुणी वाईट मानत नाही. बाकावरून पलीकडे जाणाऱ्याला गुडघे बाजूला करून वाट दिली की पुरे.

बाहेर आले की जत्रा. इथे मात्र कसलाच उंबरठा नाही. गोव्याच्या जत्रांतली काड्यो-बोड्यो, म्हणजे बेसनाच्या कांड्यांवर गूळ-आल्याचा पाक चढवलेला खाऊ, ढिगाने मांडलेली असते. पेरूची लालसर वडी, दोदोल, भाजलेले चणे, चिक्की, खेळणी, जपमाळा, मूर्ती, गळ्यातले क्रूस. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या शब्दांची यादी इथे हातात घेऊन खाता येते: पाव, काजू, पेरू. आकाशपाळण्याच्या रांगेत बुरखा घातलेल्या आया मुलांना घेऊन उभ्या असतात. दुकानांच्या जागा महापालिका ठरवून देते, बेस्ट जादा गाड्या सोडते, पोलीस रस्ते बंद करतात.

गर्दीत थोडे थांबून माणसे ओळखायचा प्रयत्न करावा. गोव्याहून आलेले, मंगळुरी, तामिळ, वसईचे. आणि या मातीतले मूळचे कॅथलिक, ईस्ट इंडियन. नाव ऐकून ते बंगालचे असावेत असे वाटते. साष्टी, मुंबई, वसई भागातल्या या मराठीभाषक लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, हे नाव घेतले. गोव्याहून नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या कॅथलिकांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे त्यांना सरकारदरबारी दाखवायचे होते. त्यांच्या घरची बोली मराठी, लग्नात लुगडे, स्वयंपाकात बॉटल मसाला. टेकडीवरून उतरताना रानवर, चिंबई अशी त्यांची गावठाणे लागतात. उतरती कौले, लाकडी जिने, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस. यांतले काही क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीत गावावरचे संकट टळावे म्हणून उभारलेले आहेत. माउंट मेरीला आलेला पाहुणा जत्रा पाहून रिक्षा धरतो आणि निघून जातो, याची मला हळहळ वाटते. अर्धा तास काढून रानवरच्या गल्लीतून चालत यावे. माउलीला माउली म्हणणारी माणसे इथे राहतात, आणि जुनी घरे एकेक करून पडत असल्याने ही गल्ली अशीच राहील याची खात्री देता येत नाही.

८ सप्टेंबरचा सण एकट्या बांद्र्याचा नाही. तामिळनाडूत वेलंकनीला याच सुमाराला माणसांचा समुद्र लोटतो. मंगळुरी कॅथलिक त्याच दिवशी 'मोंती फेस्त' करतात. मुले मारियेला फुले वाहतात, शेतातल्या भाताच्या नव्या लोंब्यांवर आशीर्वाद घेतात आणि घरोघरी त्या दिवशी शाकाहारी जेवण असते. 'मोंती' हा शब्दही त्याच पोर्तुगीज डोंगरातून आलेला. ईस्ट इंडियन समाजाचा नव्या पिकाचा सण, आगेरा, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो. ज्यांना हिंदू-ख्रिस्ती नाते आणखी जवळून पाहायचे आहे त्यांनी ईस्टरनंतर गोव्यात म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे मारियेच्याच, फेस्ताला जावे. शिरगावची हिंदू देवी लईराई आणि म्हापशाची सायबीण या बहिणी, असे तिथले लोक मानतात, आणि हिंदू भाविक सायबिणीला तेल वाहतात.

जायचे ठरवलेच तर थोडे व्यवहाराचे. रविवार टाळा, मंगळवार-बुधवारची सकाळ उत्तम. बांद्रा स्थानकाच्या पश्चिमेला उतरून हिल रोडने चालत जा. पाऊण तास लागतो, पण चढण पायी चढण्यात यात्रेची निम्मी गोडी आहे. मोठी पिशवी नको, दारावर तपासणी असते. छत्री घ्या. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे असावेत. मूर्तीचा फोटो काढण्याआधी तिथल्या स्वयंसेवकाला विचारा, आणि डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो मुळीच काढू नका. आत जाताना चप्पल काढायची पद्धत नाही; तरी अनेक जण ती दाराशी काढून ठेवतात आणि त्यांना कुणी अडवत नाही.

त्या सकाळी मी मिस्सा संपवून बाहेर आलो तेव्हा ती कोळीण ज्योतींसमोर उभी होती. होडी वितळायला लागली होती. मी विचारले, "मावशी, काय मागितलंत?" ती म्हणाली, "मागायचं नव्हतं. मुलगा वादळातून परत आला, ते सांगायला आले." मग तिने पिशवीतून मूठभर चणे काढून माझ्या हातावर ठेवले आणि उतरणीला लागली.